दंडाचें लुगडें

दंड म्हटला कीं आज शिक्षा किंवा पैशाचा भुर्दंड आठवतो. परंतु मराठी घरांत या शब्दाचा आणखी एक अर्थ कित्येक पिढ्या नांदला. लुगडें बसण्याच्या जागीं विरतें, पदराकडचा भाग मात्र धड राहतो. तेव्हां विरलेला भाग कापून टाकावयाचा आणि धड तुकडे शिवणीनें जोडावयाचे, ही शिवण म्हणजे दंड. एकांत लांबी पुरली नाहीं, तर दोन जुन्या लुगड्यांचें एक होई. धोतराचीहि हीच रीत.

हें सहज साधे, कारण वस्त्र मागावरून उतरलें तसेंच नेसावयाचें, त्यांत बेतकाम नव्हतेंच. परंतु शिवलेल्या कपड्यांतहि तीच दृष्टि होती. बाराबंदीस गुंड्या नाहींत, बंद आहेत. अंग सुटलें तर बंद सैल बांधावा. तुटला तर चिंधीचा नवा लावावा. अंगरख्याच्या बगलेंतील चौबगला तर विशेष पाहण्याजोगा. हा लहानसा चौकोनी तुकडा. हात वर उचलतांना कापडास सैलपणा देतो आणि शिवण उसवूं देत नाहीं. तो झिजला तर तेवढाच काढून दुसरा बसवितां येतो. ही युक्ति प्रथम कोणास सुचली, त्याचें नांव इतिहासानें टिपलेलें नाहीं. राजांच्या पोशाखांचीं वर्णनें मात्र विपुल आहेत!

तथापि या काटकसरीचे गोडवे जपूनच गावे. दंड ही गरिबीची उघड खूण होती, आणि तो निऱ्यांत दडवितां दडवितां बाईचा जीव मेटाकुटीस येई. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापसाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला. पुढें गिरणीचें कापड घरोघर पोंचलें, शिवणयंत्रें आलीं, तेव्हां दंड सुटल्याचें दुःख फारसें कोणी केलें नसावें. गेली ती त्याबरोबरची हातोटी. ती गमावणें किती महाग पडतें, हें इंग्लंडास युद्धकाळांत कळलें. तेथें १९४१ च्या जूनपासून कपड्यांस कूपनें लागलीं, आणि १९४३ सालीं सरकारला पुस्तिका छापून गृहिणींस जुनें उसवून नवें शिवण्याचे धडे द्यावे लागले.

इकडे हे धडे आजीकडून नातीस तोंडींच मिळत. दंडाचें लुगडेंहि विरलें म्हणजे त्याचें बाळाचें दुपटें होई, मग गोधडीचा थर; आणि अगदींच चिंधी उरली तर ती काकड्यास जाई.