उन्हाचा चष्मा : त्याचा घाट आणि त्याची मोहिनी

खानदेशच्या उन्हाचें वर्णन खानदेशाबाहेर कोणास खरें वाटत नाहीं. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, धुळ्याकडील माळरानावर मृगजळें नाचूं लागतात, आणि कपाशीची उलंगवाडी झाल्यावर उघड्या पडलेल्या काळ्या जमिनीवरून येणारी झळ थेट डोळ्यांत शिरते. या उन्हापासून डोकें वांचविण्यासाठीं आमच्या पूर्वजांनीं पागोटें, उपरणें, रुमाल अशी पुष्कळ तजवीज केली. डोळ्यांसाठीं मात्र तळहाताच्या आडोशापलीकडे कांहीं केलें नाहीं. आमच्या लहानपणीं गांवांत काळा चष्मा दिसे तो दोनच प्रकारच्या माणसांच्या डोळ्यांवर : एक मोतीबिंदु काढून आलेले वृद्ध, व दुसरे मुंबईस जाऊन आलेले तरुण. पहिल्यांची कींव होई, दुसऱ्यांची टवाळी. डोळे चांगले असतांना ते झांकून घेणारा मनुष्य आढ्यताखोर तरी असावा किंवा लबाड तरी, असा लोकांचा सरळ तर्क असे. शाळामास्तरांचा तर्क याहून निराळा नसे.

या चष्म्याचा जन्म मात्र निकडीच्या गरजेंतून झालेला आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक बर्फावरील चकाकीपासून बचाव व्हावा म्हणून हाडाच्या किंवा लांकडाच्या पट्टीस बारीक आडवी चीर पाडून ती डोळ्यांवर बांधीत. त्यांत कांच नव्हतीच. पुढें अठराव्या शतकांत लंडनच्या एका चष्मेवाल्यानें रंगीत कांचेचा पुरस्कार केला. पण खरें शास्त्रीय काम सर विल्यम क्रुक्स यांचें. कांचेच्या भट्टीपुढें राबणाऱ्या कामगारांना अकालीं मोतीबिंदु होतो, त्यावर उपाय शोधतांना त्यांनीं निरनिराळीं द्रव्यें मिसळून कांचेचे शेंकडों नमुने तयार केले, आणि १९१४ च्या सुमारास अतिनील किरण अडविणारी कांच सिद्ध केली. आमच्याकडील चष्म्यांच्या दुकानांत पुढें कित्येक वर्षें 'क्रुक्स' हा शब्द ऐकूं येई. तें एका माणसाचें नांव आहे हें गिऱ्हाइकासच काय, पुष्कळदां दुकानदारासही ठाऊक नसे.

धातूच्या चौकटीचा जो काळा चष्मा आज जगभर ओळखला जातो, तो विमानविद्येनें दिला. प्रारंभींचीं विमानें उघडीं असत, व वाऱ्याचा मारा चुकविण्यासाठीं वैमानिक जाड गॉगल डोळ्यांवर आवळून बांधीत. विमानें जसजशीं उंच जाऊं लागलीं तसतसा ढगांवरून परतणारा प्रकाश असह्य होऊं लागला. आणि वैमानिकाची बैठक बंदिस्त झाल्यावर वाऱ्याचें भय सरलें. मग जड गॉगलाऐवजीं हलका चष्मा कां नको ? अमेरिकेंतील रॉचेस्टर शहरीं १८५३ पासून भिंगांचा व्यवसाय करणाऱ्या बॉश अँड लॉम्ब कंपनीनें असा चष्मा बनविला, आणि १९३७ सालापासून तो 'रे-बॅन', म्हणजे किरणांस बंदी, या नांवानें प्रसिद्धीस आला.

त्याचा घाट एकदां नीट न्याहाळण्यासारखा आहे. त्याची कांच वाटोळी नाहीं, चौकोनी नाहीं; ती वरून रुंद व खालीं गालाकडे उतरणारी, ओघळत्या थेंबासारखी आहे. हें सौंदर्यासाठीं केलेलें नव्हतें. वैमानिकाची नजर क्षणांत क्षितिजावर, तर क्षणांत खालीं यंत्रांच्या तबकड्यांवर जाते. तेव्हां बुबुळ जिकडे फिरेल तिकडे कांच पोंचली पाहिजे, एवढाच हेतु. कांच हिरवट, कारण निळसर धूसरपणा कमी होऊन दूरचें स्पष्ट दिसावें. चौकट तारेसारखी बारीक. नाकावर टेकणाऱ्या दोन लहान गाद्या हव्या तशा वळवितां येतात. आणि दोन भिंगांस जोडणारी भुंवयांच्या रेषेंतील दुसरी आडवी दांडी चौकटीस बळकटी देते. पुढें १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकन लष्करासाठीं जो प्रकार निघाला, त्याच्या काड्या कानामागें न वळवितां सरळ ठेवल्या. डोक्यावर शिरस्त्राण असतांही चष्मा काढतां-घालतां यावा म्हणून. ज्या वस्तूंतला एकही बांक निष्कारण नाहीं ती वस्तु लवकर जुनी होत नाहीं, असें माझें मत आहे. धातूचे दोष आहेतच. खानदेशी घामानें हलकी चौकट कळकते, आणि मे महिन्यांत मोटारींत विसरलेला चष्मा कानशिलास असा चटका देतो कीं बोलूं नये.

येथें एक योगायोग सांगावासा वाटतो. याच सुमारास, डिसेंबर १९३६ मध्यें, आमच्या जिल्ह्यांतील फैजपूर येथें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें. खेडेगांवांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि महात्माजी उपस्थित होते. त्यांचाही चष्मा धातूच्या चौकटीचाच, पण कांच पांढरी व घाट वाटोळा. वाटोळें भिंग घासण्यास सर्वांत सोपें, त्याची कड सर्वांत साधी. एक चौकट साधेपणाची खूण झाली, दुसरी दिमाखाची. धातु मात्र तोच. चौकटीची केवळ बाह्यरेषा काढली तरी मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो, हें कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनीं ओळखलें, व २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियानासाठीं तो चष्माच बोधचिन्ह म्हणून रेखाटला. २०१६ पासून निघालेल्या नव्या नोटांवर तो आपण पाहतों.

दिमाख वैमानिकांच्या चष्म्यास चिकटला तो युद्धामुळें. ऑक्टोबर १९४४ मध्यें जनरल मॅक्आर्थर फिलिपाइन्सच्या लेटे बेटावर गुडघाभर पाण्यांतून उतरले. तें छायाचित्र जगभर छापलें गेलें, आणि त्यांत त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मग चित्रपटांनीं तो उचलला. मध्यंतरीं प्लॅस्टिकच्या जाड चौकटींनीं त्यास मागें टाकलें. पण १९८६ च्या 'टॉप गन' या चित्रपटानें तो पुन्हां पुढें आला. १९९९ मध्यें इटलीच्या लुक्सोटिका कंपनीनें हा व्यवसाय विकत घेतला. आमच्याकडे २०१० सालीं 'दबंग'च्या नायकानें तोच चष्मा मानेमागें कॉलरला अडकविला, आणि चाळीसगांवपासून शिरपूरपर्यंत पोरांच्या माना उन्हापासून सुरक्षित झाल्या !

ही थट्टा सोडून एक गोष्ट गांभीर्यानें सांगतों. रस्त्यावर मिळणारी कांच केवळ काळी असेल व अतिनील किरण अडवीत नसेल, तर ती उघड्या डोळ्यापेक्षां अपायकारक ठरूं शकते. कारण अंधार झाला असें समजून बाहुली विस्तारते आणि नको ते किरण अधिक आंत जातात. कांचेचा काळेपणा हा गुण नव्हे. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात किंवा नाहीं, हें चष्म्याच्या चांगल्या दुकानांत यंत्रावर पाहून मिळतें. केळीच्या बागेंत राबणाऱ्या मजुरास व दिवसभर रिक्षा हांकणाऱ्यास याची गरज शहरांतील हौशी तरुणाहून अधिक आहे, आणि त्यांनींच तो घातला तर लोक हंसतात.

धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर वैमानिकांचें शिक्षण होत आलें आहे. पाण्यावरची व रस्त्यावरची चकाकी मारणारी ध्रुवित कांच १९३० नंतरच्या दशकांत एडविन लँड यांनीं बाजारांत आणली, व मोटार हांकणारांस ती फार सोयीची. वैमानिकांस मात्र ती घालूं नये असें सांगतात. कारण तिच्यांतून विमानांतील यंत्रांचे कांहीं पडदे काळे दिसतात. त्यांच्यासाठीं साधी रंगीत कांचच बरी.