मुलांना घेऊन झेंडूच्या शेतावर : एका दिवसाच्या सहलीची माहिती

महाड : दसऱ्याला दाराला तोरण लागतं, गाडीला हार लागतो. पण हा झेंडू वाढतो कसा, हे खेड्यातल्या पोरांनाही आता नीट ठाऊक नसतं. तुडील परिसरात घरोघरी भातशेती आहे, फुलशेती मात्र कमी. म्हणून एखादा दिवस काढून आई किंवा बाबांनी मुलांना झेंडूच्या शेतावर नेलं तर दोघांनाही शिकण्यासारखं बरंच आहे.

कधी आणि कुठे जावे
दसरा-दिवाळीसाठीची लागवड साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि लागवडीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांत तोडा सुरू होतो. त्यामुळे दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस पाहायला उत्तम. तोडणी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर होते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. जवळ फुलशेती कोण करतो हे कृषी सहायकाला विचारावे. शेतकऱ्याला आधी फोन करूनच जावे. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे पडते, त्यामुळे आई-लेकरांची सहल स्वस्तात होते.

शेतात काय दाखवावे
एक फूल मागून घ्यावे आणि उकलून दाखवावे. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक पाकळी हे वेगळं फूल. वाळलेल्या फुलात पाकळीच्या बुडाशी काळं, लांबट बी सापडतं.

रोप लहान असताना शेंडा खुडतात, हे ऐकून मुलांना नवल वाटतं. शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. टोमॅटोच्या कडेला झेंडू का लावतात, हेही विचारावे. फळ पोखरणारी अळी झेंडूकडे वळते आणि मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी कमी होतात.

मोठ्या गोंड्याला ‘आफ्रिकन’ झेंडू म्हणतात, पण त्याचं मूळ मेक्सिकोकडचं. तिथे आजही १ आणि २ नोव्हेंबरला पूर्वजांच्या आठवणीसाठी झेंडूच वाहतात.

शेतकऱ्याचं गणित समजून घ्यावे
हा भाग मुलांना जरूर ऐकवावा. झेंडूची खरी विक्री दसऱ्याच्या दोन-तीन दिवसांत होते. सण उलटला की भाव कोसळतो. ऐन तोडणीत पाऊस आला तर भिजलेलं फूल काळं पडतं, टिकत नाही. आवक जास्त झाली तर माल बाजारातच टाकून यायची पाळी येते. म्हणून झाडावरचं प्रत्येक फूल हे त्या घरचा पैसा आहे. विचारल्याशिवाय एकही तोडू नये. फोटोसाठी सरीत घुसून रोपं तुडवू नयेत. निघताना किलो-दोन किलो फुलं रोख देऊन घ्यावीत.

काय सांभाळावे
• फवारणी कधी झाली ते आधी विचारावे. ताजी असेल तर मुलांना आत सोडू नये.
• कोकणात फुरशांचा धोका असतो. पायात बंद बूट हवेत, बांधावरच्या दगडात हात घालू नये.
• फुलांवर मधमाश्या असतात. हातवारे करू नयेत, अत्तर लावून जाऊ नये.
• पाणी, टोपी, डबा सोबत. फुलं हाताळल्यावर हात धुऊनच जेवावे.

दुसरा पर्याय
घाटावर जायची तयारी असेल तर साताऱ्याजवळचं कास पठार आहे. ही शेती नव्हे, रानफुलं आहेत, त्यामुळे तोडायला पूर्ण बंदी. २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरमार्गे जाता येते, मात्र पावसात दरडी पडतात. रस्ता चालू असल्याची खात्री करूनच निघावे.

घरी आल्यावर
शेतकऱ्याला विचारून आणलेलं एक वाळलेलं फूल मुलाच्या हाताने डब्यात पेरावे. पाच-सात दिवसांत कोंब येतात. बी संकरित वाणाचं असेल तर फूल तसंच येईल असं नाही. पण दोन महिने पाणी घालून स्वतःच्या झाडाला पहिली कळी आली, की बाजारात फुलाचा भाव पाडून मागताना तेच पोर आपल्याला अडवेल.