डाग कातडीवर, मूळ अस्थिमज्जेत

१८६९ सालचं लंडन. एडवर्ड नेटलशिप नावाचे डॉक्टर दोन वर्षांच्या एका मुलीला तपासताहेत आणि तुम्ही शेजारी उभे आहात. पोरीच्या अंगावर तपकिरी डाग आहेत. त्यातला एखादा चोळला की बघता बघता फुगतो, लाल होतो आणि ती खाजवायला लागते. डॉक्टर हा पित्त उठण्याचा विरळा प्रकार म्हणून नोंदवतात. तेव्हा याहून जास्त कुणाला सांगताही आलं नसतं.

नऊ वर्षं पुढे या, लाइपझिगला. चोवीस वर्षांचा पॉल एर्लिश डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी ऊतींचे पातळ काप कापडाच्या रंगांत बुडवतो आहे. सूक्ष्मदर्शकात डोकवा. बाकी सगळं निळं, मात्र काही पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या आणि ते दाणे जांभळट. या मास्ट पेशी. लंडनच्या त्या पोरीचे डाग याच पेशींचे, हे त्याला सांगायला जीव तुटतो तुमचा. पण तो दुवा १८८७ साली हँबुर्गचे पॉल उन्ना जोडणार आहेत.

पुढे बराच काळ दुखणं कातडीचंच मानलं गेलं. १९४९ मधल्या एका शवविच्छेदनात याच पेशी आतल्या अवयवांतही सापडल्या. १९९०च्या दशकात कारण हाती आलं: किट या जनुकातला बदल. त्याच्यामुळे पेशीला ‘वाढ’ म्हणणारी कळ दाबलेलीच राहते. मास्ट पेशींचा जन्म मुळी अस्थिमज्जेतला, रक्तपेशींच्याच घरातला.

आता आजच्या दवाखान्यात या. गांधीलमाशी चावल्यावर शुद्ध हरपलेला एक प्रौढ माणूस खाटेवर आहे. मांड्यांवर तेच डाग. रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारं प्रथिन, वाढलेलं, म्हणून कमरेच्या हाडातून मज्जा काढताहेत. लहानपणी आलेले डाग बहुतेकदा वयात येईपर्यंत फिके पडतात, तेव्हा आईबापांनी उगाच धास्ती घेऊ नये. मोठेपणी उगवलेल्या डागांना मात्र ही तपासणी हवीच, असं मला कळकळीनं वाटतं. कारण काही रुग्णांच्या मज्जेत मास्ट पेशींच्या पुंजक्यांसोबत रक्ताचा दुसरा कर्करोगही सापडतो, आणि मग दोन्हींवर उपचार करावे लागतात. रोग पसरलेल्यांसाठी अमेरिकेत २०१७ साली मिडोस्टॉरिनला आणि २०२१ साली अॅवाप्रिटिनिबला मंजुरी मिळाली. दोन्ही औषधं त्या अडकलेल्या कळीवरच काम करतात.