दोस्तीची किंमत

आम्हा साखऱ्याकडच्यांना वऱ्हाड परके कधी वाटले नाही, सोयरिकी तिकडच्याच. तरी १८५३ पासून मध्ये सरहद्द पडली.

इंग्रज निजामाचे दोस्त. दोस्ताच्या रक्षणासाठी म्हणून हैदराबाद कंटिंजंट ही फौज. तिची एक छावणी आमच्या हिंगोलीत. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. पगार थकला, कर्ज साचले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने नासिरुद्दौलांना वऱ्हाड, धाराशिव, रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभारात द्यावे लागले. १८६० साली बाकीचे परत आले, वऱ्हाड नाही. दिवाण सालारजंगांनी ते मागण्यात उमर घालवली. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला. ज्या फौजेपायी मुलूख गेला, ती पुढल्याच साली हिंदी सैन्यात विरून गेली. वऱ्हाड तिकडेच राहिले.