आडत्याचें शहाणपण आणि सरकारची तिजोरी

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या आगगाडीनें अक्कलकोट रोड मागें टाकलें म्हणजे थोड्या वेळानें दुधनी लागतें. गांव धान्याच्या पेठेचें; मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथें एकाच दुकानाच्या ओट्यावर ऐकूं येतात. अशा पेठेंतील आडत्याचें अर्थशास्त्र सरळ असतें. पाऊस फिरला, उलाढाल मंदावली, कीं हात आखडावा, उधारी आवरावी आणि नवें देणें करूं नये. संसारी माणसालाहि हेंच शहाणपण पटतें. प्रश्न एवढाच, कीं बाजार बसला असतां सरकारनेंहि या आडत्याचेंच अनुकरण करावें काय?

सरकारनें तें एकदां मोठ्या निष्ठुरपणें केलें होतें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या वेळीं सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर, येथवर खालीं आणली. तिजोरीची बचत हा त्यांतला हेतु उघड होता. मुंबई इलाख्यांतील कामांवरून मजूर उठून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. हिशेब बरोबर होता. पण ज्याच्या पोटासाठीं तो मांडावयाचा, तोच मनुष्य त्यांतून गळाला होता.

त्याच १८७७ सालीं मुरारजी गोकुळदास यांच्या उद्योगानें सोलापुरांत कापडाची गिरणी उभी राहिली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी हें तिचें नांव. लोकांनीं पुढें तिला जुनी मिल म्हटलें. कोरडवाहू शेतीनें दगा दिलेल्या कितीतरी कुटुंबांची चूल तिच्या भोंग्यावर पेटूं लागली. सात दशकांनंतर हाच भोंगा थांबण्याची वेळ आली. २७ जुलै १९४९ रोजीं गिरणी बंद करण्याची नोटीस लागली, आणि ऑगस्टच्या अखेरीस ती खरोखरच बंद झाली.

आतां सरकारनें काय करावें? आडत्याच्या न्यायानें पाहिलें तर कांहींच नाहीं. बुडणारें दुकान बुडूं द्यावें. परंतु सरकारनें प्रथम कंट्रोलर नेमला आणि ९ जानेवारी १९५० रोजीं वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या नियुक्त संचालकांच्या हातीं दिला. गैरकारभारामुळें आवश्यक मालाचें उत्पादन घटलें व मोठी बेकारी माजली, हें कारण त्या वटहुकुमांत स्पष्ट नमूद होतें. १८७७ सालीं जी बेकारी दैवाची गोष्ट होती, ती १९५० सालीं कायद्याच्या प्रस्तावनेंत जाऊन बसली. हा फरक लहान नव्हे.

मात्र पैसा कोणाचा, हा प्रश्न येथेंच उभा राहतो. कंपनीचे ३२,००० प्रेफरन्स शेअर शंभर रुपयांचे असून त्यांवर पन्नासच रुपये भरलेले होते. जुन्या संचालकांनीं उरलेली रक्कम मागण्यास नकार दिला होता. नव्या संचालकांनीं फेब्रुवारी १९५० मध्यें ती मागितली. म्हणजे सोळा लाखांचा भार भागीदारांवर पडला. आमची मालमत्ता मोबदल्याशिवाय हिरावली, अशी तक्रार घेऊन भागधारक न्यायालयांत गेले. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९५० मध्यें तीन विरुद्ध दोन मतांनीं फेटाळला. परंतु १९५३ च्या डिसेंबरांत द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें हा कायदा घटनाविरोधी ठरविला. पुढें १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीनें एखाद्या मालमत्तेचा कारभार मर्यादित काळापुरता हातीं घेण्यास सरकारला आधार मिळाला. १९७४ सालीं देशांतील १०३ आजारी गिरण्यांचें राष्ट्रीयीकरण झालें, त्या वाटेवरचा पहिला दगड सोलापुरांतच रोवला गेला होता.

या इतिहासावरून दोन्ही पक्षांना कांहीं शिकतां येईल. खर्च कमी करणें हाच सदैव धर्म, असें म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं एका आडत्यानें हात आखडला तर त्याचें दुकान वांचतें; सर्वांनीं व सरकारनेंहि एकदमच आखडला तर गिऱ्हाईकच उरत नाहीं. उलट, सरकारनें सर्व बुडतें दुकान सांवरावें, असें म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये कीं सरकारनें सांवरलेली गिरणी अमर होत नाहीं. जुनी मिलहि पुढें कायमची बंद पडली. तेव्हां मदत करतांना तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत: हा पैसा कोणाच्या खिशांतून येतो, कोणाच्या घरीं पोंचतो, आणि ज्यांनीं धंदा बुडविला तेच पुन्हां गादीवर बसतात कीं काय?

२००८ सालीं अमेरिकेनें आपल्या पेढ्या वांचविल्या तेव्हां तेथेंहि हेच तीन प्रश्न निघाले. दुधनीच्या आडत्याला ते नवे वाटले नसते. उधार देण्यापूर्वीं तो ऋणकोची नियत पाहतो. सरकारनें त्याच्याकडून घ्यावयाचें शहाणपण तेवढेंच आहे.