तारेआधी कान

गिटार शिकणाऱ्याला सर्वांत आधी भेटतात ते पडदे. बोट कुठे ठेवायचे ते डोळ्यांना दिसते, आणि तिथे ठेवले की सूर लागतो. ही सोय मोठीच आहे. पण गाणाऱ्याच्या किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या कानाला पहिल्या दिवसापासून जे कष्ट पडतात, ते गिटारवाल्याला वर्षानुवर्षे चुकवता येतात. मग पंचवीस कॉर्ड पाठ असतात, आणि रेडिओवर लागलेल्या साध्या गाण्याचा षड्ज मात्र सापडत नाही. कान तयार करण्याच्या अभ्यासाकडे वाचकांनी वळावे, ते या अडचणीपायी.

हा अभ्यास परका नाही, आणि अड्यारमधल्या मराठी वाचकांना तर तो घरचाच वाटावा. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९६-९७ मध्ये छापला. पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारातल्या, १८८६ साली स्थापन झालेल्या अड्यार ग्रंथालयाने १९४३ ते १९५३ या काळात कल्लिनाथ आणि सिंहभूपाल यांच्या टीकांसह तो चार खंडांत काढला. त्यात बावीस तारांच्या वीणेचा एक प्रयोग आहे. पहिली तार होईल तितकी खाली लावायची. दुसरी तिच्याहून किंचित चढी, इतकीच की दोघींच्या मध्ये तिसरा नाद ऐकू येऊ नये. आणि असेच पुढे. मोजायला साधन एकच, कान. (बावीस श्रुतींच्या वादात मात्र नवख्याने इतक्यात शिरू नये. त्यात भलेभले अडकले आहेत.)

हीच शिस्त वीणेच्या घडणीतही दिसते. कलाक्षेत्र १९३६ मध्ये अड्यारला सुरू झाले, आता ते शेजारच्या तिरुवान्मियूरला आहे; तिथे शिकवतात त्या सरस्वती वीणेचे चोवीस पडदे मेणाच्या थरात बसवलेले असतात, आणि कारागीर ते ऐकून-ऐकून जागेवर आणतो. गिटारचे पडदे कारखान्यातच ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे कुठल्याही स्वराला षड्ज मानता येतो, पण शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपसूक उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंटने चढा पडतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.

हे आकडे पाठ करण्याऐवजी ऐकून पाहा. तिसरी तार जी, दुसरी बी. जी हा षड्ज धरला तर बी त्याचा गंधार. दुसरी तार हलके-हलके उतरवत नेली की एका जागी जी कॉर्ड विलक्षण गोड लागते. खुंटीला हात न लावता आता ई कॉर्ड वाजवा. तीच तार इथे पंचम आहे, आणि ती उतरलेली लागते. अनेकांना वाटते की गिटारच खराब आहे. गिटार ठीक आहे. तुमचा कान जागा झाला आहे. ट्यूनर या दोन मागण्यांमध्ये जी तडजोड करतो ती कशासाठी, हे एवढ्या प्रयोगातून कळते.

म्हणून ट्यूनरकडे शेवटी जावे. सहाव्या तारेचा पाचवा पडदा आणि मोकळी पाचवी तार एकत्र छेडा. पाचवी तार ११० कंपनांची आणि दुसरा सूर ११२ चा असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतील. तार जुळत जाईल तसे ते संथ होतात, आणि जुळली की थांबतात. हे हेलकावे ऐकू येणे हीच पहिली पायरी. दक्षिणेत विद्यार्थी मायामाळवगौळ रागातल्या, म्हणजे आपल्या भैरव थाटातल्या, सरळीने सुरुवात करतो. तुम्हीही स्वर आधी गळ्यातून काढा, मगच पडद्यावर शोधा. गळा बेसूर असला तरी बिघडत नाही, तो ऐकायला कोणी बसलेले नाही.

पडद्यांच्या मधल्या जागा ऐकायच्या असतील, तर आयआयटी मद्रासमध्ये नौकाबांधणी शिकलेले आर. प्रसन्ना इलेक्ट्रिक गिटारवर कर्नाटक कृती कशा वाजवतात ते जरूर ऐकावे. पण पहिले काही आठवडे तंबोऱ्यावर नुसते सा-प आणि सा-ग पुरेत. सातव्या स्वराच्या कॉर्ड ओळखण्याचे पाठ त्यानंतर घ्यावेत.