स्वभावचित्रण नावाचा प्रश्न

मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो : कथेतील अमक्याचे स्वभावचित्रण करा. शाळेत मीही तो इमानेइतबारे सोडवला. चार चांगल्या गोष्टी, दोन दोष, शेवटी 'अशा प्रकारे' म्हणून समारोप. इमानी गडी, कष्टाळू मोलकरीण, गरीब पण समाधानी शेतमजूर. घरात पहिल्यांदा पुस्तक आणणाऱ्या पोराला हे शब्द घोकताना कळलेच नाही, की आपण आपल्या बापाचे वर्णन मालकाच्या तोंडाने करीत आहोत.

माणसाला त्याच्या परिस्थितीपासून तोडायचे आणि उरलेल्याला 'स्वभाव' म्हणायचे, ही रीत केवळ शाळेची नव्हे. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली. कोणी काय केले हे पाहण्याची गरजच उरली नाही. जन्म हाच पुरावा. अख्ख्या जमातीचे स्वभावचित्रण सरकारी वहीत एका शब्दात उरकले गेले. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, हजेरी होती. 1952 साली कायदा रद्द झाला. पण 1959 साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. त्याच 1959 साली अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' प्रसिद्ध झाली. तिच्यात मांगांना द्यावी लागणारी हजेरी आहे. योगायोग असेल, पण मला तो विसरता येत नाही.

या रीतीला पहिले उत्तर मात्र त्याच्याही आधी एका विद्यार्थिनीने दिले होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेतली मुक्ता साळवे, वय 14. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग कसे असतात, हे ती सांगत बसत नाही. त्यांना तेलशेंदूर पाजून इमारतीच्या पायात कोणी पुरले, आमच्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर का नाही, आमचा धर्म कोणता, हे ती विचारते. आजच्या आठवीच्या वयाची पोर! आपले टीकाकार आणखी शंभर वर्षे पात्रांच्या 'मनोविश्लेषणात' रमले होते.

आमच्या वस्तीत रविवारी मी सातवी-आठवीची मुले घेऊन बसतो. यंदा अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' वाचली. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग मढी उकरून तो सोने काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी ती कापावी लागतात. खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते, तेव्हा हा हत्तीएवढा माणूस लेकरासारखा रडतो.

मुलांनी वहीत काय लिहिले? भीमा बलवान, धाडसी, पण लोभी. 'लोभी' हा शब्द एकोणीस वह्यांत होता. मुलांना काय बोलणार? कॉलेजात पहिली दोन वर्षे मीही फळ्यावर तोच लिहिला आहे.

मी म्हटले, स्वभाव बाजूला ठेवा. खाण चालू होती तेव्हा भीमाने मढे उकरले का? बंद पडल्यावर त्याला किती वाटा होत्या? लेकीची भूक कोण भागवणार होते? वर्ग गप्प झाला. कचरा वेचायला आईबरोबर जाणारी एक मुलगी म्हणाली, "सर, शेवटी तो बोटांसाठी रडत नाही. आता काम आहे आणि हात नाही, म्हणून रडतो." जरा थांबून तिने विचारले, "पण खाण बंद कोणी केली?"

तिला मी वहीत लिहायला सांगितले. तिने लिहिले : भीमा लोभी नाही, बेकार आहे. खाली खाणमालकाचे स्वभावचित्रण करायला घेतले, आणि कथेत तो कुठे दिसतो हे शोधत ती पाने मागे-पुढे करीत बसली.

वर्ग सुटल्यावर एका मुलाचे वडील दारात थांबले होते. गवंडीकाम करतात. "सर," ते म्हणाले, "तुम्ही सांगता ते पटतं आम्हाला. पर परीक्षेत असं लिवलं तर मार्क देतील का?"

पेपर तपासणारा कोण असेल, ते मला सांगता आले नाही. पुढच्या रविवारी दोन्ही उत्तरे लिहून घेणार आहे.